ओट्याची उंची

आमच्या घरातलं मीठ पेटी क्रमांक अकरामध्ये होतं. ते तिथे आहे हे कळायला वही बघावी लागे, वही बाबांच्या टेबलाच्या खणात असे, खणाची किल्ली बाबांच्या खिशात असे आणि बाबा संध्याकाळी सहापर्यंत कचेरीत असत. वरण सहापर्यंत थांबत नाही. त्यामुळे नागपूरच्या सदर भागातल्या भाड्याच्या दोन खोल्यांतले शेवटचे दोन महिने आम्ही शेजाऱ्यांकडे मीठ मागून काढले, आणि आमच्या स्वतःच्या मिठाची पेटी मला अभ्यासाला बसायचं स्टूल म्हणून उपयोगी पडली. घर बदलायचं म्हणजे सामान नीट बांधायला हवं, नीट बांधलं की त्याची नोंद हवी, आणि हे सगळं इतकं आधी व्हायला हवं की ऐन वेळी घाई नको, असा बाबांचा विचार होता. ऐन वेळ यायच्या पुष्कळ आधीच आमच्याकडे वापरायला दोन पातेली, चार ताटल्या, एक कढई आणि एक उलथनं एवढंच उरलं. आई म्हणायची, "घर बदलून राहिलो, का वनवासाले जाऊन राहिलो?" बाबा वहीतून मान वर न करता म्हणायचे, "उलथनं, पेटी क्रमांक चार." शेवटी आई उलथनं उशीखाली ठेवायला लागली.

बाबा एका सरकारी कचेरीत आरेखक होते. दुसऱ्यांची घरं काढण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईत, केसाएवढ्या रेषेने ते अशी घरं काढत की त्यांत राहायला कुणी आलं तर रेषा खराब होईल असं वाटावं. स्वतःचं घर मात्र त्यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिळालं, तेही दुसऱ्याचं जुनं. प्रताप नगरमध्ये तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. तिथलं एक बैठं तीन खोल्यांचं घर एका मास्तरांनी विकायला काढलं आणि बाबांनी ते घेतलं. मग तीन महिने त्यांनी त्या घराचे नकाशे काढले. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट आणि तिच्यात तीन ओळी असत: आरेखक, तपासणार, मंजूर. आरेखक म्हणून बाबांची सही, तपासणार म्हणूनही बाबांचीच, आणि मंजूर या ओळीवर त्यांनी आईची सही घेतली. आई चुलीवरून हात पुसत आली आणि ओल्या बोटांनी बावीस नकाशांवर बावीस सह्या करून गेली. तिने एकच प्रश्न विचारला, "उभ्यानं सयपाक करायचा ओटा केवढा उंच राहीन?" बाबा म्हणाले, "स्टँडर्ड." तो शब्द ते ज्या आवाजात म्हणत, त्याच्यापुढे प्रश्न विचारायची सोय नसे.

इथे आईबाबांच्या मापांबद्दल सांगायला हवं. बाबा सहा फूट. आई चार फूट आठ इंच, आणि त्यातला शेवटचा इंच तिच्या म्हणण्यावर. लग्नातल्या फोटोत दोघं जवळजवळ बरोबरीचे दिसतात, कारण काटोलजवळच्या तिच्या गावातल्या फोटोग्राफरने तिला दोन विटांवर उभं केलं होतं. शालूच्या घोळात विटा दिसत नाहीत. आईच्या चेहऱ्यावर मात्र दिसतात.

दर रविवारी आम्ही प्रताप नगरला जायचो. बाबा सायकलवर पुढे, आई आणि मी रिक्षात मागे, मधे डबा. घराचं काम किसन मिस्त्रींकडे होतं. मिस्त्री बारीक, काटक आणि कमी बोलणारा माणूस. भिंतीकडे बघताना एक डोळा मिटायचे आणि माणसाशी बोलतानाही तो मिटलेलाच ठेवायचे, त्यामुळे ते आपल्यातही ओळंबा धरून बघतायत असं वाटे. त्यांच्या हाताखाली माल कालवायला शांता होती, आईच्याच वयाची, आणि आईपेक्षाही हसरी. दोघींचं पहिल्याच रविवारी जमलं. शांता डोक्यावरचं घमेलं न उतरवता गप्पा मारायची. "काय वं बाई, तुमच्या साहेबाचा नकाशा उलटा धरला तं घर उलटं होईन काय?" असं तिने एकदा विचारलं आणि आई इतकी हसली की बाबांनी नकाशा खरंच तपासून पाहिला. मला भिंतींना पाणी मारायचं काम होतं. नागपूरच्या एप्रिलमध्ये याहून चांगलं काम जगात नव्हतं. गिलावा पाणी पिताना एक बारीक आवाज करतो, तहानलेल्या माणसाने घोट घेतल्यासारखा. तो आवाज आणि ओल्या सिमेंटचा वास यांच्यासाठी मी तेव्हा शाळाही सोडली असती. पुढे मी अडतीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आणि जुन्या पुस्तकांच्या वासाबद्दल लोक हळवं बोलतात ते ऐकलं. ओल्या गिलाव्याच्या पुढे तो वास काहीच नाही.

या सगळ्यात अण्णाकाका होतेच. अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. एखादी गोष्ट नुसती झाली, एवढ्याने त्यांचं समाधान होत नसे. ती कुणाच्या तरी शुभहस्ते व्हावी लागे. त्यांच्या घरी पहिला कूलर आला, तेव्हा त्यात पहिली बादली ओतायला त्यांनी एक निवृत्त अधिकारी बोलावले होते. पाणी ओतल्यावर टाळ्या वाजल्या आणि कूलर गळायला लागला. तेच साहेब आमच्या गृहप्रवेशाला यावेत असं काकांनी परस्पर ठरवलं, आणि मुहूर्ताच्या आठवडाभर आधी सायकलरिक्षातून गोणपाटात गुंडाळलेली एक संगमरवरी पाटी घेऊन आले. दोन फूट लांब, दीड फूट रुंद. वर साहेबांचं नाव, त्यांच्या नावाआधीचं आणि नावानंतरचं सगळं, त्याखाली 'यांच्या शुभहस्ते', त्याखाली काकांचं नाव 'संयोजक' म्हणून, आणि तळाशी, जागा उरली म्हणून, बाबांचं.

"दर्शनी भिंतीत बसव," काका म्हणाले.

"बघतो," बाबा म्हणाले. थोरल्या भावापुढे बाबांना एवढा एकच शब्द यायचा.

शेवटचे तीन आठवडे आई प्रताप नगरला आली नाही. वाळवणं चालू होती. कुरडया, सांडगे, पापड उन्हात टाकायचे आणि सुकल्यावर बाबांची नजर चुकवून पेट्यांबाहेर ठेवायचे, यात तिचा दिवस जाई. त्याच तीन आठवड्यांत स्वयंपाकघरातला ओटा झाला.

काम संपलं की मिस्त्री-मजुरांना घरच्या बाईने आपल्या हातचं जेवू घालायचं, अशी आमच्याकडे पद्धत. मुहूर्त सोमवारचा होता आणि सदरच्या खोल्यांत त्याच दिवशी दुपारी नवे भाडेकरू सामान घेऊन येणार होते. शनिवारी सकाळी आई रॉकेलचा स्टोव्ह, मोठी कढई आणि उशीखालचं उलथनं घेऊन नव्या घरी आली. गॅसच्या नव्या शेगडीला मुहूर्ताआधी हात लावायचा नव्हता. बेत पाटवडीचा होता. ज्यांनी ती केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन सोडतात आणि गुठळी होऊ न देता ते घट्ट होईपर्यंत हाटतात. हे मनगटाचं काम नाही, खांद्याचं आहे. वरून जोर लावावा लागतो, आणि सगळा वेळ कढईत नजर लागते. आईने स्टोव्ह ओट्यावर ठेवला, वर कढई ठेवली, पदर खोचला आणि उलथनं उचललं. मी दारात उभी होते. मला आईचा हात दिसत होता, खांद्याच्या वर गेलेला, एसटीत वरचा दांडा धरल्यासारखा. तिने टाचा उचलल्या. मग खाली टेकल्या.

"अहो, इकडे या जरा."

बाबा आले. मागे मिस्त्री, त्यांच्या मागे शांता.

"मले कढईतलं दिसत नाही."

"उजेड कमी पडतोय का? पश्चिमेची खिडकी उघडली तर—"

"उजेड भरपूर आहे. मीच कमी पडून राहिली."

बाबांनी ओट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा ओट्याकडे पाहिलं. "पावणेतीन फूट. स्टँडर्ड उंची आहे ती."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? ओट्याची."

"ओटा सयपाक करते काय? सयपाक बाई करते. कोणत्या बाईचं माप घेतलं तुमी?"

बाबांनी ओट्याची कड चाचपून पाहिली. पंचवीस वर्षांत शेकडो क्वार्टरांची स्वयंपाकघरं त्यांनी याच मापाने काढली होती आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. (पुढे ग्रंथालयात फावल्या वेळी मी त्या स्टँडर्ड बाईचा शोध घेतला. बांधकामाची जाडजूड पुस्तकं चाळली. तिचं माप सगळीकडे आहे, ती कुठेच नाही.) शेवटी ते कचेरीतलं शेवटचं हत्यार काढावं तसं म्हणाले, "नकाशावर मंजूर म्हणून तुझी सही आहे."

"सही कागदावर केली. आता कढईबी कागदावरच ठेवू काय?"

शांताने तोंडाला पदर लावला. मिस्त्री मिटलेला डोळा उघडून म्हणाले, "साहेब, म्या सांगतलं होतं, बाईले एक डाव उभं करून पाहा म्हणून. तुमीच म्हटलं, नकाशात आहे तसं कर."

"आपण एक पाट करून घेऊ," बाबा म्हणाले. "सागाचा. सहा इंच उंचीचा. ओट्याला लागून ठेवायचा, त्यावर उभं राहिलं की झालं."

आईने उलथनं ओट्यावर ठेवलं. हळू ठेवलं, तेच वाईट होतं. "एकदा उभी राहिली मी विटांवर, तुमच्या बाजूले फोटोत बरी दिसावी म्हणून. तेव्हा नवरी होती, कोणाले म्हणता आलं नाही काहून म्हणून. आता माझ्या सोताच्या घरात मी कशावर चढणार नाही. सोमवारी तुमी जा, अण्णाभाऊजीले न्या, त्या साहेबाले न्या. मी येत नाही. सदरले मी खाली बसून करते. जमीन सगळ्यांले पुरते."

सोमवारी सदरच्या त्या जमिनीवर दुसऱ्यांची चूल मांडली जाणार होती. ते तिलाही माहीत होतं, पण असल्या वेळी ती गोष्ट काढायची नसते एवढं आम्हा तिघांनाही कळत होतं. तिने स्टोव्ह उचलला आणि कोऱ्या फरशीवर, स्वयंपाकघराच्या बरोबर मधोमध मांडला. ती मांडी घालून बसली, समोर शांता बसली, शांताने फडक्याने कढईचे कान धरले आणि आई बेसन हाटायला लागली. उलथन्याचा कढईवर खड् खड् आवाज, फोडणीतल्या लसणाचा आणि हिरव्या सांबाराचा वास. बाहेरचे लोक कोथिंबीर म्हणतात, आम्ही सांबार म्हणतो, वास तोच. थापलेल्या बेसनावर तिने तो सांबार आणि किसलेलं खोबरं पेरलं, सुरीने वड्या पाडल्या, आणि झणझणीत रस्सा आणि भाकरी यांच्यासोबत सगळ्यांना वाढल्या. सगळे जमिनीवर ओळीने बसले. पावणेतीन फुटांचा कडप्प्याचा ओटा वरून आमच्याकडे बघत होता, आणि त्याला कुणी जेव म्हटलं नाही.

बाबा शेवटी बसले. मी त्यांच्या समोर होते. ते पानाकडे बघत नव्हते, आईच्या हाताकडे बघत होते. ती वाढायला वाकली की बघत, परात सरकवायला हात लांब केला की बघत. मला वाटलं रागावलेत. त्यांनी पाचवी वडी मागितली तेव्हा कळलं, रागावलेला माणूस पाचवी वडी मागत नाही.

हात धुऊन ते आले आणि खिशातून टेप काढली. "जरा उभी राहा."

"आता काय?"

"बेसन हाटतेस तसा हात कर."

"बेसन संपलं."

"बेसन नको. नुसता हात."

"अहो, लोकं पाहून राहिले," आई म्हणाली. मिस्त्रींनी लगेच तोंड भिंतीकडे केलं आणि तिथे नसलेला एक खड्डा बोटाने तपासायला लागले. शांताने मात्र तोंड फिरवलं नाही. "बाई, साहेब बिलाऊजचं माप घेऊन राहिले काय?" ती म्हणाली, आणि आईला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिचा हात हवेत गोल फिरायला लागला. बाबा फरशीवर गुडघा टेकून बसले. जमिनीपासून कोपर, जमिनीपासून मनगट, उलथनं खाली जातं तेव्हाचा खांदा. ते प्रत्येक माप मोठ्याने म्हणत आणि मी ते लिहून घ्यावं म्हणून माझ्याकडे बघत. माझ्याकडे कागद नव्हता. सगळे कागद पेटी क्रमांक दोनमध्ये होते. मग बाबा उठले, कानामागची पेन्सिल घेतली, आणि टी-स्क्वेअरशिवाय कधी रेघ न मारणाऱ्या त्या माणसाने समोरच्या कोऱ्या भिंतीवर, नुसत्या हाताने, आईला काढलं. अंबाडा, खोचलेला पदर, वाकलेलं कोपर. तिच्या पुढे कढई, कढईखाली शेगडी, शेगडीखाली एक आडवी रेघ. बाजूला बाण आणि आकडा: सव्वादोन फूट.

घरं काढण्यात त्यांचा जन्म गेला, पण घरात माणूस काढलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आकृतीच्या खाली त्यांनी चौकट आखली, आरेखक म्हणून सही केली, 'तपासणार' ही ओळ मोकळी सोडली आणि पेन्सिल आईपुढे धरली. आई चित्राच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने पुन्हा एकदा हवेत हाटून पाहिलं, हात कुठे येतो ते बघितलं, बाजूच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग तपासणार आणि मंजूर, दोन्ही ओळींवर तिने सही केली. "अंबाडा मोठा काढला," ती म्हणाली. एवढीच तक्रार.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी ओटा उचकटला. उभे दगड सहा इंच तासून घेतले. वरचा लांब कडप्पा मात्र उतरवताना एका टोकाला तडकला आणि मोरीच्या बाजूचा दोन फुटांचा तुकडा पडला. रविवारी दगडाची दुकानं बंद, सोमवारी सकाळी मुहूर्त. मिस्त्रींनी घरभर नजर फिरवली. दर्शनी भिंतीशी, अजून गोणपाटातच, अण्णाकाकांची पाटी टेकवून ठेवलेली होती. त्यांनी एक डोळा मिटला.

"साहेब, हा दगड इथं बराबर बसते."

आई, मी, शांता, सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. थोरल्या भावाला आयुष्यात 'बघतो'पलीकडे काही न बोललेल्या माझ्या बाबांनी पाटी पूर्ण वाचली, सावकाश, शेवटच्या ओळीतल्या स्वतःच्या नावापर्यंत. मग म्हणाले, "उलटी बसव."

सोमवारी साहेब आले. फीत कापली, टाळ्या झाल्या. अण्णाकाकांनी बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "पाटी कुठे आहे?"

"बसवली."

"कुठे?"

"आत."

काकांना वाटलं, देवघरात. त्यांचा चेहरा उजळला. साहेब स्वयंपाकघरात आले, ओट्याला टेकले, संगमरवरावरून हात फिरवला आणि म्हणाले, "दगड फार सुरेख निवडलाय." बाबांनी मान लववली. त्यानंतर आईने नव्या शेगडीवर दूध ठेवलं. दूध उतू जाताना घरातल्या सगळ्यांनी बघायचं असतं. साहेब, काका, बाबा, सगळी उंच माणसं पातेल्यावर वाकून उभी होती. वाकावं लागलं नाही ते फक्त आईला. "आलं," ती म्हणाली, आणि तिच्या हाताखाली दूध वर आलं, काठावरून सांडलं आणि संगमरवरावरून ओघळत गेलं. सदरची किल्ली तिने त्याच दुपारी स्वतः जाऊन देऊन टाकली.

त्या पाटीवरचा मजकूर पुढच्या सगळ्या वर्षांत फक्त सिलिंडर बदलणाऱ्यांनी वाचला. एकाने मला विचारलं होतं, "ताई, हे साहेब तुमच्या ओट्याखाली काहून?" अण्णाकाकांनी जन्मात सिलिंडर बदलला नाही, म्हणून ते शेवटपर्यंत सुखात होते. आईने त्या गुळगुळीत दगडावर पोळपाटाशिवायच पुरणाच्या पोळ्या लाटल्या. भिंतीवरच्या तिच्या चित्रावर आता डिस्टेंपरचे कितीतरी हात बसलेत, पण उन्हाळ्यात चार वाजताचं ऊन तिरपं पडलं की पेन्सिलीचा अंबाडा अजून किंचित दिसतो. निदान मला दिसतो.

आई आधी गेली. तिच्यानंतर बाबा अकरा वर्षं होते, आणि सकाळचा चहा ते स्वतः करत. सहा फुटांचा माणूस, सव्वादोन फुटांचा ओटा. देवळात गेले तरी नुसती मान हलवणारे बाबा रोज पहाटे त्या ओट्यासमोर कमरेत वाकून उभे राहत आणि दुधाकडे बघत. मी म्हटलं, "बाबा, ओटा वाढवून घेऊ या का?" ते म्हणाले, "मंजूर कोण करणार?"

आता घरभर पुन्हा पेट्या आहेत. गुडघ्यांना हे अंगण झेपत नाही म्हणून मी शहराच्या टोकाला, मिहानच्या बाजूला, अण्णाकाकांच्या नातीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या शेजारी लिफ्टच्या घरात जाते आहे. मीठ बाहेर ठेवलंय. त्या नव्या घराचं स्वयंपाकघर करायला भाचीने एक मुलगी पाठवली, हुशार, भराभर बोलणारी. इथल्या ओट्यापाशी उभी राहून तिने सगळं मोबाईलमध्ये टिपलं आणि जाता जाता विचारलं, "आजी, तिकडे प्लॅटफॉर्मची हाइट स्टँडर्डच ठेवते हं?"

मी बाबांची टेप शोधली. पेटी क्रमांक एक. तेवढा एक आकडा मला पाठ होता. टेप त्या मुलीच्या हातात दिली, पदर खोचला आणि हवेतलं बेसन हाटायला लागले.